डॅडींच्या बंदुकीत अडकलेला गज

हॅलो?… हॅलो… कोण, नेड्रा?… थांब, एक मिनिट थांब. हात तेलानं बरबटलेत माझे, फोन कानाला लावता येत नाही. टेबलावर ठेवतो आणि आवाज मोठा करतो… हं. आता बोल.

नाही, घरी कुठलं… क्लबवरच आहे अजून, मागच्या शेडमध्ये… साडेचार झाले असतील. नेमबाजीचा सामना दोनलाच आटोपला, मंडळी जेवून पांगली. मी आणि डॅडी तेवढे राहिलोय… ते बाहेर ट्रकमध्ये बसलेत, रेडिओवर खेळ ऐकत… ऐकू येतं कुठं त्यांना, पण ऐकतायत.

बरा आहे गं मी… अगं बरा आहे म्हणजे बरा आहे. का?… कोण म्हणालं?… मेल्बा. वाटलंच. आपल्या मावसबहिणीला देवानं दुसरा उद्योगच दिला नाही… काय म्हणते? रॉयस कोगरचं डोकं चालेनासं झालं?… कसला फोटो… फळीचा? क्लबातल्या फळीचा फोटो टाकलाय तिनं?… आणि तू तो मोठा करून बघितलास. बरं.

हो. माझं नाव सहा वेळा. मोजता येतं मला, नेड्रा. खिळे मीच ठोकलेत.

अगं, एवढं काय त्यात? कोरडी गोळी कुणाच्याही हातून होते. ठासणीच्या बंदुकीत आधी बारूद, मग गोळी. बोलता बोलता लक्ष जातं, बारूद राहून जातं आणि नुसतीच गोळी ठासली जाते. चाप ओढला की फुस्स. मग ती गोळी स्क्रूनं ओढून काढायची, फळीवर ठोकायची, खाली आपलं नाव लिहायचं. लोक हसतात, आपणही हसायचं… हो, एका मोसमात सहा जरा जास्तच. मान्य.

काय?… डॉक्टरची वेळ घेतलीस? माझ्यासाठी? तिकडे ओहायोत बसून?… मंगळवारी. मेंदूचा डॉक्टर. अच्छा… नाही गं, हसत नाहीये. हसायला ताकद कुठं उरलीय? पाचला उठून बीन्सचं पातेलं चढवलं, चाळीस माणसांचं. साडेसातपासून नेमबाजांच्या लाईनवर उभा. पहिल्याच फेरीत पेन्सिल्व्हेनियाचा एक पाहुणा बार उडाला की नळीला तोंड लावून फुंकर मारतोय. म्हटलं, साहेब, आमच्याकडे नळीच्या तोंडाशी माणसाचं तोंड नेत नाहीत. तर म्हणतो, माझे आजोबा असंच करायचे. म्हटलं, आजोबांना शेवटी दात किती उरले होते?… मग दुसरा, बारुदाच्या डब्यापाशी सिगारेट पेटवायला निघालेला. तिसऱ्यानं शेजाऱ्याची बंदूक न विचारता उचलून खांद्याला लावून बघितली. ते दोघं आता जन्मभर एकमेकांशी बोलणार नाहीत… अकरा वर्षं रेंज ऑफिसर आहे मी. अकरा वर्षं मोठ्या माणसांना सांगतोय की मागे सरका, तोंड समोर ठेवा, हात काढा. त्या डॉक्टरला म्हणावं मंगळवारी कशाला, असल्या रविवारी येऊन बघ मला.

आत्ता? आत्ता डॅडींच्या बंदुकीत गज अडकलाय, तो काढत बसलोय… गज गं. गोळी आत ढकलायची ती लांब काठी. तू ह्याच घरात वाढलीस ना?… हं, तीच. नळीत रुतून बसलाय. दोन फूट आत, फूटभर बाहेर.

कसा म्हणजे… नळीत काजळी साचली असं वाटलं त्यांना. म्हणून गजाच्या टोकाला जाड चिंधी गुंडाळली आणि घातला आत. कोरडी चिंधी. विचार कर. आपले डॅडी, ओकी कोगर. ज्या माणसानं अख्ख्या परगण्याला शिकवलं की चिंधी ओली केल्याशिवाय नळीत घालायची नाही…

नाही. डॅडींचं नाव फळीवर नाही… एकदाही नाही. क्लब काढल्यापासून, सत्तेचाळीस वर्षांत, एकदाही नाही… हो, वय चौऱ्याऐंशी. का विचारतेस?…

नेड्रा?… काय म्हणालीस?…

हो.

हो. त्यातली एकही माझी नाही.

सगळ्या त्यांच्याच. सहाच्या सहा… एप्रिलपासून. एप्रिलच्या सामन्यात पहिली. चाप ओढला, आवाज नाही, काही नाही. बंदुकीकडे बघत राहिले. एखादी अनोळखी वस्तू कुणीतरी हातात दिल्यासारखे. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मला ते बघवेना गं. मी गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, माझी चूक, आज ह्यांची बंदूक मी भरून दिली होती. सगळे हसले. मी गोळी काढली, ठोकली, खाली माझं नाव लिहिलं. झालं. एकदा अंगावर घेतलं की दुसऱ्यांदा काय, तिसऱ्यांदा काय…

हो, ठाऊक आहे मला. आपली बंदूक आपणच भरायची. रेंज ऑफिसरनं दुसऱ्याची भरून द्यायची म्हणजे कोरड्या गोळीपेक्षा वाईट. नियम कुणी लिहिला, डॅडींनीच ना? त्यांच्याच अक्षरात लावलाय दाराशी. लोक माझ्याकडे कसे बघतात ते मला विचार. गेल्या महिन्यात खजिनदार बाजूला घेऊन म्हणाला, रॉयस, तू जरा विश्रांती का घेत नाहीस… बघतो म्हटलं. दुसरं काय करणार होतो?

ते? नुसतं माझ्याकडे बघायचे.

तुला सांगून काय झालं असतं?… नाही, तूच सांग, काय केलं असतंस?… बघ. हेच. म्हणूनच नाही सांगितलं… ओरडू नकोस… अगं ऐक ना… ऐक ना जरा. ऐकतेस का? महिन्याचा दुसरा रविवार आला की ते आपण होऊन दाढी करतात. न सांगता. एरवी सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही, आई जाऊन तीन वर्षं झाली ते आठवत नाही. तिची कॉफी ओतून ठेवतात. पण त्या रविवारी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि लाईनवर उभे राहिले की झाडाच्या शेंड्याकडे बघून वारा किती ते सांगतात. बरोबर सांगतात. तो एक दिवस मी काढून घेऊ?… तू घे. तू ये आणि घे. माझ्याच्यानं नाही होत.

आज?… आजचं सांगतोच. आज जरा वेगळंच झालं.

तिसरी फेरी. मी लाईनच्या ह्या टोकाला. सहज बघितलं तर डॅडींच्या बंदुकीतून गज बाहेर आलेला, आणि ते चिमटीत केप धरून उभे… ठिणगी पाडते ती तांब्याची केप. ती बसवायला निघाले होते… हो. गज निघत नाही तर गजासकट बार उडवून द्यायचा. आणि बसवण्यासाठी बंदूक आडवी घेतलेली, म्हणजे तोंड समोर नाही, बाजूला… मी ओरडलो. इतका ओरडलो की घसा बसला. अकरा बंदुका खाली ठेवायला लावल्या, लाईन थांबवली, त्यांच्या हातातली केप काढून घेतली. आत असणार नेहमीसारखी कोरडी गोळीच.

तेच करतोय. बंदूक शिकंज्यात धरलीय, तोंड मातीच्या ढिगाकडे, मी बाजूला उभा. साबणाचं पाणी सोडलंय दोन्हीकडून, पुढून आणि मागच्या छिद्रातून. आत बारूद असो नसो, पाणी आधी… हो, तेही त्यांनीच शिकवलेलं. पक्कड लावून ओढतोय. तासभर झाला.

काय म्हणालीस?… परत सांग… तसाच राहू दे?…

अडकलेलाच राहू दे. आणि सांगायचं की निघतच नाही, नळी कामातून गेली, आता बंदूक भिंतीवर टांगू… हं… हं… माझ्या मनात आलं नाही असं वाटतं तुला? तासभर ओढतोय हा गज, आणि त्यातला अर्धा वेळ निघू नये म्हणूनच ओढतोय. बंदूक मोडून कुणाचं मन राखता आलं असतं ना, तर मी केव्हाच… हो गं. कळतंय. त्यांना नाही म्हणायला नको, त्यांनी वाईट वाटून घ्यायला नको. बंदुकीनंच नाही म्हटलं असं होईल. कळतंय मला…

थांब. बोलू नकोस.

हलला… हलतोय. थांब… आला. अख्खा आला. नेड्रा, निघाला गज.

नाही, मुद्दाम नाही काढला. ओढत होतो तर निघाला. आता काय परत आत घालू?… चिंधी बघ केवढी गुंडाळलीय, अख्खा रुमाल आहे.

आता गोळी काढतो. स्क्रू लावलाय गजाला… फिरवतोय… शिसं मऊ असतं, धरतं लगेच… हं. धरली… येतेय…

अरे.

नेड्रा, हिला बारूद लागलंय. बुडाला काळा चिखल आहे सगळा… म्हणजे बारूद घातलं होतं त्यांनी! कोरडी नव्हती गं… हो ना! मला म्हणत होते ते. लाईनवरून ट्रकपर्यंत एकच, रॉयस, मी घातलं होतं, मी घातलं होतं. आणि मी आपला मान डोलवतोय, हो डॅडी, हो डॅडी. नंदीबैलासारखा… मलाही. डोळे भरून आले बघ वेड्यासारखे. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस खरं बोलत होता आणि मी त्याला… हो. हो, सांगतो ना त्यांना. आत्ता जाऊन सांगतो. केप दमट असेल, ठिणगी पोचली नसेल, कुणाचंही होतं असं. पेन्सिल्व्हेनियावाल्याचंही झालं आज दोनदा.

जातो, हे एवढं आवरून. गज एकदा तळापर्यंत घालून बघतो फक्त. रिकाम्या नळीची खूण असते गजावर, ती नळीच्या तोंडाशी आली की आत काही नाही… तू येशील का थँक्सगिव्हिंगला?… नाही आलीस तर बकव्हीटच्या पिठाची धिरडी कोण करणार, मला तर…

हं.

काही नाही, थांब जरा… खूण वर राहतेय. चार बोटं वर… काजळी नाही ही. काजळी कचकचते. हे टणक आहे…

नेड्रा.

खाली अजून एक आहे.

दुसरी गोळी. दुसरी म्हणजे पहिली. तिच्याखाली तिचं बारूद. म्हणजे पहिला बार उडालाच नव्हता. शेजारी दहा बंदुका एकदम वाजल्या, धूर झाला, त्यांना वाटलं आपलाही उडाला. त्यावर आणखी एक भरला. पूर्ण. बारूद, चिंधी, गोळी, काही विसरले नाहीत. गज चार बोटं वर राहिला तेव्हा वाटलं काजळी आहे… आणि त्यावर तो रुमाल. आणि त्यावर गज. आणि हातात केप.

नळी फाटली असती. काय होणार दुसरं… त्यांच्या हातातच. आणि गज कुठं गेला असता ते… डावीकडे लोरीन होती. नवीन आहे, शाळेत शिकवते. उन्हाळाभर डॅडींनीच शिकवलं तिला. त्यांच्याकडे बघून हसत होती ती, मला आठवतंय. केप काढून घेतली तेव्हा म्हणाली, काय झालं, आजही रॉयसनंच भरली का.

नाही. नाही, हे माझ्या नावावर नाही घेता येणार मला. कोरडी गोळी कुणाचा जीव घेत नाही, नेड्रा. म्हणून घेत होतो मी त्या. आणि घेत राहिलो म्हणून आज हे झालं. एप्रिलमध्येच चूक झाली म्हणून हात वर करू दिला असता त्यांना, तर… नाही, तू समजूत काढू नकोस. असंच आहे ते.

हो… हो. तेच सांगतो. नळी तडकली म्हणून सांगतो. तेच बरं. खोटं तर खोटं, आतापर्यंत काय कमी बोललो… उद्या सांगेन. आज नाही, आज माझ्यात त्राण नाही. तू म्हणतेस तसं भिंतीवर टांगू, आणि…

थांब. दार वाजलं… तेच आहेत. तू गप्प राहा… नाही, फोन ठेवू नकोस. नुसती गप्प राहा.

डॅडी, उतरलात कशाला एकटे? हाक मारायची ना… बसा, ह्या खोक्यावर बसा… नेड्रा आहे. नेड्रा. फोनवर… विचारते, तुम्ही कसे आहात… बरे आहेत म्हणतात.

निघाला. निघाला गज, डॅडी… चिंधी कोरडी होती, म्हणून… हो. हो, ओली करायला हवी होती… काय?… गोळी? गोळी पण काढली… बारूद होतं. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. घातलं होतं तुम्ही. माझं चुकलं…

मग काय?… मग काही नाही…

नेड्रा, विचारतायत, बारूद होतं तर गज वर का राहिला… हातात घेतलाय त्यांनी तो. खूण बघतायत. स्वतःच घालून बघतायत… डॅडी, द्या इकडे. डॅडी.

दोन होत्या.

दोन, डॅडी. एकावर एक. पहिला बार उडाला नव्हता, त्यावर दुसरा… हो. दोन्हींखाली बारूद. मी पाणी सोडलंय, आता काही भीती नाही.

डावीकडे? डावीकडे लोरीन होती… हो. नळीचं तोंड तिच्याकडे होतं… होती. केप तुमच्या हातात होती.

……

आहे मी, नेड्रा. डॅडी शर्टावरचा बिल्ला काढतायत, नेमबाजाचा. बोटांना जमत नाहीये… मी काढून देऊ, डॅडी?… नको म्हणतात.

ठेवला टेबलावर.

काय करू म्हणता?… नको. कळलं ना तुम्हाला, संपलं मग. चला घरी… नको ना, डॅडी. इथं कोण आहे बघायला?… म्हणतायत, नियम आहे. रेंज ऑफिसरनं सांगितल्याशिवाय कुणी आपल्या मनानं लाईन सोडत नाही. सांग म्हणतात. सगळ्यांना सांगतोस तसं… उभे राहिलेत गं. ताठ. हात पाठीमागे…

बरं. बरं, सांगतो.

डॅडी, तुम्ही आता… नाही?… ‘डॅडी’ म्हणायचं नाही. बरं.

मिस्टर कोगर. बंदूक खाली ठेवा आणि लाईन सोडा.

……

……

नेड्रा?… ऐकू आलं तुला?… हळू बोलले, म्हणून. ‘हो, साहेब’ म्हणाले. मला… हो. मला म्हणाले.

रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू… नाही, ते नाही रडले. दार नीट ओढून घेतलं आणि गेले बाहेर… मी? मी काय, आहे. उभा आहे. बसलो तर उठायचा नाही… हो, ये तू. ह्या आठवड्यातच ये. मला एकट्याला आता नाही जमत, नेड्रा. तुला हे आधीच सांगायला हवं होतं. हे एवढंच सांगायला हवं होतं.

थांब हं, खिडकीतून बघतो गाडीत बसले का…

नाही.

ट्रक ह्या बाजूला आहे, आणि ते तिकडे चाललेत. लाईनकडे… त्यांच्या जागेवर जाऊन उभे राहिले. झाडाच्या शेंड्याकडे बघतायत… हो. विसरले, नेड्रा.

ठेवतो मी. परत सांगावं लागेल.